मालकीचें रान : राखणाऱ्याच्या पदरांत काय ?

घरांत तान्हें मूल आलें, म्हणजे फडताळांतील सहाण बाहेर निघते. वेखंड, मुरडशेंग, जायफळ, हळकुंड यांचे एकेक दोनदोन वळसे देतां देतां एका काळ्या, सुरकुतलेल्या लहानशा फळाची पाळी येते. हा बाळहिरडा. आयुर्वेदानें ज्यास प्रत्यक्ष मातेची उपमा दिली, त्रिफळ्यांत ज्याचें नांव प्रथम येतें, तो हा. हा जिन्नस काष्ठौषधींच्या दुकानांत मिळतो एवढें आपणां सर्वांस ठाऊक असतें. परंतु तो दुकानांत येतो कोठून, ज्या झाडावर तो धरला तें झाड कोणाचें, आणि तें झाड उभें ठेवणाऱ्यास त्यापासून काय मिळतें, हे प्रश्न विचारण्याचें आपणांस सहसा कारण पडत नाहीं. आज तें कारण पडलें आहे असें आम्हांस वाटतें.

पुण्याहून नाशिकच्या रस्त्यानें निघून चाकणचे कारखाने मागें टाकले, आणि राजगुरुनगराहून पश्चिमेस चास, वाडा या गांवांवरून वर चढूं लागलें, म्हणजे भीमाशंकरच्या डोंगरांचा मुलूख लागतो. खेड, आंबेगांव व जुन्नर या तीन तालुक्यांच्या या पश्चिम पट्ट्यांत महादेव कोळी समाजाची वस्ती आहे. खाचरांत भात, उतारावर नाचणी व वरई, आणि बांधावर व वरकस जमिनींत जागोजाग हिरड्याचीं झाडें, असें येथील शेताचें रूप असतें. उन्हाळ्यांत घरचीं माणसें झाडावर चढून कोंवळीं फळें उतरवितात व उन्हांत वाळवितात, तो बाळहिरडा. जें फळ झाडावर राहून पुढें पक्व होतें तो मोठा हिरडा, व तो कातडीं कमाविण्याच्या आणि रंगाच्या कामीं जातो. भात घरीं खाण्यापुरतें होतें. रोख पैसा दाखवितो तो हिरडा. आणि वाचकांनीं ध्यानांत घ्यावयाची गोष्ट ही, कीं या झाडांपैकीं पुष्कळशीं सरकारी जंगलांत नसून शेतकऱ्याच्या स्वतःच्या सातबाऱ्यावर आहेत. तें मालकीचें रान आहे.

रान म्हटलें कीं तें सरकारचें, अशी आपली एक सर्वसाधारण समजूत असते. सह्याद्रीच्या बाबतींत ती पुरतेपणीं खरी नाहीं. रत्नागिरी जिल्ह्यांत तर सरकारी वन अगदीं थोडें, आणि जें हिरवें दिसतें तें बहुतेक खासगी मालकीचें. मावळ, मुळशी, खेड या बाजूसही अभयारण्याच्या व राखीव वनाच्या सीमेबाहेर ऐन, जांभूळ, हिरडा, बेहडा, अंजनी यांनीं भरलेले मालकीचे डोंगर आहेत. भाताच्या रोपांसाठीं राब भाजावयास फांद्या, चुलीस सरपण, घरास वासे, गुरांस चारा, देवास फुलें, असा या रानाचा उपयोग पिढ्यान् पिढ्या होत आला. तें कोणीं पूजेंतील मूर्तीप्रमाणें देव्हाऱ्यांत ठेवलेलें रान नव्हे. तें राबतें रान आहे. त्यांतून कांहीं काढावयाचें, कांहीं ठेवावयाचें, आणि ठेवलेलें पुन्हां वाढूं द्यावयाचें, हीच त्याची रीत.

आतां हे डोंगर उतरून खालीं येऊं. पिंपरी येथें १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला, १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली, त्यापुढें मोटारींचे व यंत्रांचे मोठे कारखाने आले, आणि गेल्या पंचवीस-तीस वर्षांत हीच वस्ती चाकणपर्यंत पसरत गेली. २०११ च्या खानेसुमारींत एकट्या पिंपरी-चिंचवड शहराची लोकसंख्या १७ लाखांवर होती. ती आज त्याहून कितीतरी अधिक आहे. या माणसांच्या तोंडचें पाणी मुख्यत्वें पवना धरणांतून नदीच्या पात्रानें रावेतपर्यंत येतें व तेथें उचललें जातें. आंद्रा व भामा-आसखेड या धरणांचें पाणीही या शहरासाठीं नेमून दिलेलें आहे. हीं तिन्ही धरणें मावळ व खेड तालुक्यांतील डोंगरांच्या पायथ्याशीं आहेत. वरच्या उतारावर झाडोरा दाट असेल, तर पावसाचें पाणी जमिनींत मुरतें, ओहोळ उशिरापर्यंत वाहतात, आणि माती जागच्या जागीं राहते. तोच उतार यंत्रानें खरडून बोडका केला, तर पहिल्या मोठ्या पावसाबरोबर माती खालीं येते व धरणाच्या तळाशीं बसते. म्हणजे निगडी-प्राधिकरणांतील गृहिणी सकाळीं नळ सोडते, तेव्हां त्या पाण्याच्या वाटेवर तिनें कधीं न पाहिलेल्या कोणा माणसाचें रान उभें असतें.

कारखान्यांचा या रानाशीं दुसराही एक संबंध येऊं शकला असता. चाकण-भोसरीच्या बाजूस लांकडी खोकीं व माल ठेवावयाच्या चौकटी करणारीं पुष्कळ दुकानें आहेत. परदेशीं जाणारे यंत्रांचे भाग त्यांत बसवून पाठवितात. २००२ सालीं ठरलेल्या आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणें अशा लांकडाचा गाभा ५६ अंशांपर्यंत ३० मिनिटें तापवून त्यावर शिक्का मारावा लागतो, कारण लांकडांतून कीड देशोदेशीं जाते. या कामासाठीं पाइनचें लांकूड न्यूझीलंडसारख्या दूरच्या देशांतून जहाजानें येतें. सह्याद्रीचें मिश्र रान तोडून त्याचीं खोकीं करावीं, असें आम्हांस मुळींच म्हणावयाचें नाहीं. परंतु घाटाच्या पायथ्याच्या पडीक वरकस जमिनींत लांकडासाठीं झाडें लावून, पाळीपाळीनें तोडून, पुन्हां वाढवून विकणारा शेतकरी उभा राहूं नये, आणि त्याच्या दाराशीं गिऱ्हाईक असतां सागरापलीकडचें लांकूड यावें, याचें नवल वाटतें.

तो शेतकरी कां उभा राहिला नाहीं, याचें एक कारण कायद्याच्या इतिहासांत आहे. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या ३५ व्या कलमानें सरकारास खासगी रानांतील तोड व नांगरट यांवर निर्बंध घालण्याचा अधिकार दिला. त्या कलमांत सांगितलेल्या कारणांत दरडी थोपविणें, माती राखणें आणि झऱ्यांचें व नद्यांचें पाणी टिकविणें हीं कारणें स्पष्टपणें आहेत. म्हणजे मालकाच्या रानांत सार्वजनिक हित आहे, ही गोष्ट जवळजवळ शंभर वर्षांपूर्वींच मान्य झाली होती. पुढें १९६४ सालीं झाडें तोडण्याविषयींचा महाराष्ट्राचा कायदा आला. त्याच्या यादींत साग, आंबा, फणस, जांभूळ, ऐन यांच्याबरोबर हिरडाही आहे, आणि स्वतःच्या शेतांतलें असें झाड पाडावयासही परवानगी लागते. १९६९ सालीं आदिवासी खातेदारांच्या झाडांची विक्री ठेकेदारांच्या लुबाडणुकीपासून वांचविण्यासाठीं निराळा कायदा झाला. आणि ३० ऑगस्ट १९७५ पासून खासगी वनें संपादन करण्याचा कायदा अमलांत येऊन राज्यांतील खासगी वनें एकदम सरकारजमा झालीं.

लहान मालकांची यांत फार ओढाताण होणार हें दिसून आल्यामुळें पुढें दुरुस्ती झाली, व ज्यांची एकूण जमीन १२ हेक्टरांपलीकडे नव्हती अशांस तें रान परत मिळण्याची सोय ठेवण्यांत आली. तथापि कागदोपत्रीं घोळ राहिला तो राहिलाच. १९५७ सालीं काढलेल्या नोटिसांचा आधार घेऊन पन्नास वर्षांनंतर जमिनी वन ठरविण्याचा प्रसंग आला, तेव्हां प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें. ३० जानेवारी २०१४ रोजीं त्या न्यायालयानें असा निर्णय दिला, कीं नोटीस नुसती छापून भागत नाहीं; ती मालकास प्रत्यक्ष पोंचली पाहिजे व त्याचें म्हणणें ऐकलें गेलें पाहिजे. दरम्यान १२ डिसेंबर १९९६ च्या दुसऱ्या एका प्रसिद्ध आदेशानें, मालकी कोणाचीही असो, वन या शब्दाच्या कोशांतील अर्थांत जें बसेल त्यास वनसंरक्षणाचा कायदा लागूं झाला होता.

या प्रत्येक कायद्याचा हेतु चांगला होता, आणि त्यांनीं कित्येक डोंगर वांचविलेही असतील, याविषयीं आम्हांस शंका नाहीं. परंतु मालकाच्या मनावर त्यांचा एकत्र परिणाम काय झाला, हें पाहिलें पाहिजे. झाड लावलें तर तोडावयास परवानगी. झाडें दाट झालीं तर जमीन वन म्हणून अडकण्याचें भय. आणि उघडी, बोडकी ठेवली तर मात्र कोणी विचारावयास येत नाहीं! ज्यानें राखलें तो अडचणींत, ज्यानें साफ केलें तो मोकळा, असा उफराटा न्याय त्याच्या अनुभवास आला. धाक दाखवून चोरास थांबवितां येतें. पण धाकानें कोणी माळी होत नाहीं.

कायद्यानें जें केलें नाहीं तें बाजारानें करावें, तर बाजाराचा हिशेब त्याहून सरळ. कोळशाचा किंवा सरपणाचा ठेकेदार येतो, उभें रान उक्तें घेतो, लहानमोठें सारें तोडून नेतो आणि दहा-पंधरा वर्षांनीं पुन्हां येतो. त्याच्यामागून जमिनीचा दलाल येतो. त्यास झाडांशीं कर्तव्यच नाहीं. त्याला धरणाचें दृश्य, रस्ता आणि सपाट केलेला तुकडा पाहिजे. पवनेच्या, मुळशीच्या व भामेच्या खोऱ्यांत शहरवासी लोकांचे बंगले चढत आहेत ते याच वाटेनें. आडवें पडलेलें झाड विकलें जातें, सपाट झालेली जमीन विकली जाते; उभ्या झाडानें वर्षानुवर्षें केलेल्या कामाचें तेवढें गिऱ्हाईक नाहीं. आमच्या मतें सगळ्या प्रश्नाचें बीज येथें आहे. जो रान उभें ठेवतो त्याला तें उभें ठेवण्याबद्दल कांहीं मिळालें पाहिजे. नुसत्या उपदेशानें हें व्हावयाचें नाहीं.

हें अशक्य नाहीं, याचें उदाहरण हिरडा-बेहड्यांतच सांपडतें. पुण्याची अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन ही संस्था पुष्कळ वर्षें सह्याद्रींतील मालकीच्या रानांसाठीं काम करीत आहे. संगमेश्वराच्या बाजूस रानाच्या मालकांशीं ठराविक मुदतीचे करार करून, रान न तोडण्याबद्दल त्यांस मोबदला देण्याचा मार्ग तिनें अवलंबिला. त्याच संस्थेच्या खटपटीनें येथील हिरडा व बेहडा यांस फेअरवाइल्ड नांवाचें प्रमाणपत्र मिळालें. फळें काढतांना झाडास इजा होऊं नये, कांहीं फळें पांखरांसाठीं व बियांसाठीं ठेवावीं, आणि वेंचणाऱ्यास रास्त भाव मिळावा, अशा त्याच्या अटी आहेत. आणि त्या पाळलेला माल विलायतेंतील वनौषधींच्या चहाची एक कंपनी चढ्या भावानें घेते. कोंकणांतील जुन्या प्रचंड बेहड्यांच्या ढोलींत महाधनेश पक्षी घरटें करतो. पूर्वीं तो वृक्ष सरपणाच्या भावानें जात असे. त्याच्या फळांस दरसाल गिऱ्हाईक मिळूं लागल्यावर वृक्ष राखण्यांत मालकाचाही लाभ दिसूं लागला, आणि त्याबरोबर पांखराचें घरही राहिलें.

याच्या उलट अनुभवही याच मुलखांतला आहे. ३ जून २०२० रोजीं निसर्ग नांवाचें चक्रीवादळ कोंकणांतून घाट चढून आलें आणि जुन्नर-आंबेगांवाकडील हिरड्याचीं झाडें मोडून पडलीं. ज्या झाडास फळाला यावयास वर्षानुवर्षें लागतात, तें एका दुपारीं गेलें. भात बुडालें असतें तर भरपाईचा नियम तयार होता. द्राक्षाची बाग गेली असती तरी होता. हिरडा मात्र शेतांतला असून पीक नव्हे, आणि उपजीविका असून फळबाग नव्हे, असा मधल्यामध्यें लोंबकळला. पंचनामे झाल्यावरही भरपाईसाठीं त्या कुटुंबांस कित्येक वर्षें मोर्चे काढावे लागले, उपोषणें करावीं लागलीं. तोडावयाचें म्हटलें कीं हिरडा कायद्याच्या यादींत ठळक दिसतो. मोडून पडला म्हणजे तोच दिसेनासा होतो! हा भेद त्या डोंगरांतील मुलांस शाळेच्या पुस्तकाशिवाय समजला असेल.

निर्बंध कोठें सैल करावा याचाही एक धडा आपल्यासमोर आहे. बांबू हें शास्त्रदृष्ट्या गवत. परंतु वनकायद्यांत तो वृक्ष म्हणून गणला जाई, त्यामुळें स्वतःच्या बांधावरचा बांबूही तोडण्याच्या व वाहतुकीच्या पासांत अडके. २०१७ च्या अखेरीस केंद्र सरकारनें व्याख्या बदलली आणि वनाबाहेर वाढविलेला बांबू त्या जाचांतून सुटला. सिंधुदुर्गांत माणगा जातीचा बांबू शेतकरी आपल्या जमिनींत लावतातच. दरवर्षीं जून काठ्या काढावयाच्या, कोंवळ्या ठेवावयाच्या, बेट कायम राहतें. तोडणें आणि राखणें हीं एकमेकांचीं वैरी नव्हेत, हें बांबूच्या बेटाइतकें स्पष्ट दुसरें कोण दाखवील ?

परदेशांतही हेच धडे मिळाले आहेत. स्वीडनमध्यें निम्म्याच्या सुमारास वनभूमि लहानमोठ्या कुटुंबांच्या मालकीची आहे. तेथील १९०३ च्या कायद्यानें, जो तोडील त्यानें पुन्हां उगवून दिलें पाहिजे, असें बंधन घातलें. पुढें तेथील लांकडाचा व्यापार वाढला तरी रान संपलें नाहीं. मध्य अमेरिकेंतील कोस्टारिका देशानें १९९६ च्या कायद्यानें इंधनावरील कराचा कांहीं अंश रान राखणाऱ्या मालकांस देण्याचें ठरविलें. आणि न्यूयॉर्क शहरानें १९९७ सालीं आपल्या धरणांच्या वरच्या खोऱ्यांतील गांवांशीं व शेतकऱ्यांशीं करार केला. पाणी गाळावयाचा अवाढव्य कारखाना बांधण्यापेक्षां, वरच्या माणसांनीं जमीन व रान नीट राखावें म्हणून त्यांस पैसा देणें स्वस्त, असा तो रोकडा हिशेब होता.

हा शेवटचा हिशेब पिंपरी-चिंचवडास विशेष लागूं आहे. येथें शहर आणि वरचें खोरें यांच्यामध्यें एक दुःखाची आठवण आहे. ९ ऑगस्ट २०११ रोजीं पवना धरणांतून शहराकडे बंद जलवाहिनी नेण्याच्या विरोधांत मावळांतील शेतकऱ्यांनीं मुंबई-पुणें द्रुतगति मार्गावर बऊर येथें आंदोलन केलें. तेथें पोलिसांचा गोळीबार होऊन तीन शेतकरी मृत्युमुखीं पडले. त्या वादांतील कोणाची बाजू कितपत खरी हें ठरविण्याचें हें स्थळ नव्हे. पण वरच्या माणसाची जमीन धरणांत गेली, पाणी खालीं गेलें, आणि दोघांमध्यें लेन-देणीचें कोणतेंच नातें जोडलें गेलें नाहीं, एवढें कोणीही मान्य करील. पाणीपट्टींतील एक लहानसा भाग त्या खोऱ्यांतील उभ्या रानाच्या मालकांस व त्यांच्या ग्रामपंचायतींस पोंचला, तर रान तर राहीलच, पण तें नातेंही जुळेल. कारखान्यांसही वाव आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यानें मोठ्या कंपन्यांस नफ्याचे दोन टक्के समाजकार्यास लावणें भाग आहे, व निसर्गरक्षण हें त्या कार्यांत गणलेलें आहे. पावसाळ्यांत रोपें लावून छायाचित्रें काढण्यांत जो पैसा जातो, त्यांतील कांहीं भाग आधींच उभ्या असलेल्या वृक्षांकडे वळविण्यास काय हरकत आहे ?

यावर एक आक्षेप येईल, व तो टाकाऊ नाहीं. डोंगर उजाड न करण्याबद्दल कोणास पैसे देणें, म्हणजे वाईट न वागण्याबद्दल बक्षीस देणें नव्हे काय ? शिवाय मोकळीक दिली कीं शेतकऱ्याच्या नांवावर ठेकेदारच तोड करील. या भयांत तथ्य आहे. म्हणूनच आमचें म्हणणें असें, कीं पैसा वचनावर नव्हे, तर दरसाल मोजलेल्या उभ्या झाडांवर द्यावा. तोडीची परवानगी एकेका झाडाची न देतां साऱ्या रानाच्या दीर्घ मुदतीच्या आराखड्यावर द्यावी, म्हणजे कोणत्या वर्षीं कोणता भाग निघेल व कोणता वाढेल हें आधींच ठरेल. आणि लहान खातेदार व दूर शहरांत राहणारा मोठा मालक यांस एका मापानें मोजूं नये. मिश्र रान काढून तेथें निलगिरीच्या रांगा लावणाऱ्यास तर कांहींच मिळूं नये. याबरोबर सातबाऱ्यावरील वननोंदींचे जुने घोळ एकदां निकालांत काढावे, आणि हिरड्यास नुकसानभरपाईच्या नियमांत पिकाचा मान द्यावा. यांतील एकही गोष्ट अभूतपूर्व नाहीं; कोठें ना कोठें ती होऊन चुकली आहे.

आतां थोडें आपल्याविषयीं. या मासिकाच्या वाचकांपैकीं पुष्कळांचें मूळ गांव कोंकणांत किंवा मावळांत आहे. खोती १९४९ च्या कायद्यानें गेली, कुळांची जमीन कुळांस मिळाली. परंतु घराण्याच्या नांवावर, सात-आठ चुलतभावांच्या सामायिक हिश्शांत, एखादा डोंगराचा तुकडा अजून राहिलेला असतो. त्याचा शेतसारा कोण भरतो हेंही कित्येकांस आठवत नाहीं. मग एके दिवशीं दलालाचा निरोप येतो, कीं इतके पैसे मिळतील, सर्वांच्या सह्या पाहिजेत. एकत्र कुटुंबांत असा निरोप आला म्हणजे काय होतें तें सांगावयास नको. कोणास मुलाच्या शिक्षणास पैसा हवा असतो, कोणाचें घर अर्धें बांधून पडलेलें असतें. आणि ज्या जमिनीकडे तीस वर्षें कोणी गेलें नाहीं, तिच्याविषयीं एकटा कोणी हळवेपणानें बोलूं लागला, तर इतर त्याला हंसतात. गरज खरी असते. तिला नांवें ठेवण्याचा आमचा अधिकार नाहीं.

फक्त इतकें करावें. सही करण्यापूर्वीं घरांतील दोघांनीं तरी तेथें एकदां जाऊन यावें. आपल्या तुकड्यांत कोणते वृक्ष आहेत, त्यांचीं फळें दरसाल कोण वेंचतो, ओहोळ कोठून वाहतो व त्यावर खालचीं किती घरें अवलंबून आहेत, हें शेजारच्या शेतकऱ्यास विचारावें; तो सांगेल, कारण इतकीं वर्षें खरी राखण त्यानेंच केलेली असते. सातबारा काढून त्यावर वनाची नोंद आहे काय तें पाहावें. सबंध तुकडा विकण्यावांचून गत्यंतर नसेल, तर ओहोळाकडील व मोठ्या झाडांचा भाग निराळा ठेवतां येतो काय, किंवा रान राखण्याचा करार करणारी संस्था त्या भागांत आहे काय, याची चौकशी करावी. मग कुटुंबानें बसून काय तें ठरवावें. निदान आपण काय विकीत आहों, हें तरी सर्व हिस्सेदारांस ठाऊक असेल. आणि पुढच्या खेपेस सहाणेवर हिरडा उगाळतांना, तो कोठून येतो, हें घरांतील मुलांस सांगतां येईल.